शेवटपर्यंत पाहणारा एक

बेडक्याला बेडक्या का म्हणतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. निम्मा जन्म त्याने विहिरीत काढला होता. गाळ उपसायचा, ढासळलेली बाजू बांधून द्यायची, बुडालेली मोटर वर आणायची, हा घरचा धंदा. तो खाली उतरला की वर दोर धरायला त्याची बायको. तिला लोक दोरवाली म्हणत. नवऱ्याला दोरीने बांधून ठेवणारी बाई, अशी तिची थट्टा करत, आणि तीही हसून घेई.

विहिरीत खोल गेल्यावर आवाज वर येईपर्यंत त्याचा नुसता घुमारा होतो, शब्द काही कळत नाही. म्हणून बोलायचं ते दोरीने. एक हिसका म्हणजे बरा आहे. दोन म्हणजे दोर सैल सोडा. तीन हिसके आले की वरच्याने हातातलं टाकून ओढायला लागायचं. काय झालं, कसं झालं, ते माणूस वर आल्यावर.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं आणि विहिरी तळाला गेल्या. एरवी असा उन्हाळा म्हणजे या घराची सुगी. पण या खेपेला ज्याने त्याने बोअरचं मशीन आणलं. एका दिवसात जमिनीला भोक पाडून मशीन निघून जाई, आणि विहिरीकडे कुणी ढुंकूनही बघेना. सासऱ्याच्या कमरेवर कधीकाळी दगड आला होता. तेव्हापासून तो ओट्यावर बसून दोर वळायचा. आता ते दोरही नुसते खुंटीला लटकत होते. अशात लोखंडी सामानाच्या दुकानदाराचा निरोप आला, की धरणाच्या मागे बोगद्याचं काम निघालंय आणि खाली उतरायची सवय असलेली माणसं हवीत.

"राहणं-खाणं तिकडेच, निळ्या पत्र्याच्या कुंपणात," दुकानदार म्हणाला. "फक्त मोबाईल ठेकेदाराकडे जमा. संध्याकाळी जेवताना अर्धा तास हातात मिळेल. व्हिडिओ बघा, काय वाटेल ते बघा. पण फोन लावायचा नाही आणि मेसेज पाठवायचा नाही. घरचं रडगाणं ऐकलं की माणसं पळून जातात."

"मग आम्हाला कळणार कसं, बरे आहेत की नाही ते?" दोरवालीने विचारलं.

"अहो बाई, नवरा कामाला चाललाय, लढाईला नाही," दुकानदार म्हणाला, आणि दुकानातली चार माणसं हसली. बेडक्याही हसला. दोरवालीला त्याचं ते हसणं अजिबात आवडलं नाही.

तोडगा नणंदेने काढला. ती शिकत होती, आणि फोनच्या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा. "वहिनीच्या नावाने एक खातं उघडू. त्यावर एक व्हिडिओ टाकू. कुणी पाहिला की खालचा आकडा एकने वाढतो. दादाने रोज जेवताना तो एकदा बघायचा. आकडा वाढला की आपण समजायचं, एक हिसका आला."

"आणि दुसऱ्या कुणी पाहिला तर?"

"म्हणून तर कुणी बघणार नाही असं काहीतरी टाकायचं."

"माझं गाणं टाका," सासू म्हणाली. "घरातही कुणी ऐकत नाही."

शेवटी ठरलं ते असं, की दोरवालीने ओला दोर गुंडाळावा. पंजा ते कोपर, पंजा ते कोपर, असे वेढे घेत नुसता दोर गुंडाळायचा. बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, फक्त हात दाखवायचे. "रिकामा दोर कोण बघतंय?" बेडक्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो ट्रकमध्ये बसून गेला.

पहिल्या संध्याकाळी सगळं घर त्या फोनभोवती बसलं. व्हिडिओ उघडायचा नाही, अशी नणंदेची सक्त ताकीद होती, कारण आपण उघडला तरी आकडा वाढतो. बाहेरच्या पानावर छोटं चित्र होतं आणि त्याखाली शून्य. मग शून्याचा एक झाला. सासऱ्याने खिशातली डबी काढून तंबाखू मळली. सासूने फोनला हात जोडले.

असं रोज एकाने वाढत गेलं. दोरवाली दिवसभर सासूबरोबर गुरांच्या पाण्याचे हौद घासायला जाई. चुन्याने बोटांच्या पेरांना चिरा पडत, पाठ मोडून येई. पण संध्याकाळी तो आकडा हलला की तिला जेवण जाई. एकदा मात्र तो दोनने वाढला.

"दोन? सैल सोडा? म्हणजे काय म्हणतोय तो? मुक्काम वाढला?"

"कदाचित दोनदा बघितला असेल," नणंद म्हणाली.

"तो कशाला दोनदा बघेल? त्याला माहीत आहे दोनचा अर्थ!"

बराच वेळ अशी घालमेल चालली. शेवटी सासू कोपऱ्यातून म्हणाली, "मी उघडला होता दुपारी. हात बघायचे होते गं तुझे. तो कसे बघत असेल, ते बघायचं होतं." दोरवालीला हसावं की रडावं कळेना. नणंदेने फोनला कुलूप घातलं आणि सासूने अबोला धरला.

मग एके दिवशी ती पाटलांच्या हौदात गुडघाभर शेवाळात उभी असताना नणंद धावत आली. तिचा चेहरा बघूनच दोरवालीच्या हातातला घासणीचा काथ्या पडला.

"वहिनी, आकडा चारशेवर गेलाय."

"चारशे काय?"

"चारशे जणांनी बघितलंय. सकाळपासून. घरून निघाले तेव्हा चारशे होते, आत्ता..." तिने फोन बघितला. "नऊशे."

नऊशे लोकांनी आपला रिकामा दोर का बघावा, हे दोरवालीला कळेना. नणंदेलाही नीट कळलं नव्हतं. लोकांना म्हणे असं बघायला आवडतं. ओला दोर एकावर एक नीट बसत जातो, ते बघून डोकं शांत होतं. खाली लोकांनी लिहिलंही होतं. काय हात आहेत, एकाने लिहिलं होतं. मी झोपताना हेच लावतो, दुसऱ्याने लिहिलं होतं. दोरवालीची मात्र झोप उडाली. संध्याकाळपर्यंत आकडा हजारांत गेला, आणि त्या हजारांत तिचा एक कुठे होता, की नव्हताच, ते आता सांगता येत नव्हतं. गर्दीत मूल हरवलं की आईचं जे होतं, तेच तिचं झालं.

गाव मात्र हरखलं. वाण्याने तिला उभं करून विचारलं, "काय बाई, आता आमच्याशी बोलाल ना?" पाटलीणबाई हौदाच्या काठावर येऊन तिचे हात निरखून गेल्या. जो तो म्हणे, मीही बघितला, मी पाच वेळा बघितला, मी पाहुण्यांना पाठवला.

"नका हो बघू," ती हात जोडून म्हणाली. "पाया पडते. नका बघू."

लोकांना वाटलं, बाई लाजते. ते आणखी बघायला लागले.

"काढून टाक तो व्हिडिओ," सासरा म्हणाला.

"आणि त्याने संध्याकाळी उघडून बघितलं तर? त्याला काहीच दिसलं नाही तर? त्याला वाटेल, आम्ही वरून दोर सोडून दिला." हे म्हणताना तिला इतकं भरून आलं, की ती उठून गोठ्यात गेली. गोठ्यात गुरं नव्हती, दोर होते. त्यांच्यात ती बराच वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी नणंदेने फोनमध्ये आतलं एक पान शोधून काढलं. बाहेरच्यांना ते दिसत नाही, फक्त ज्याचं खातं त्यालाच दिसतं. तिथे सगळा हिशेब होता. लोकांनी कुठून बघितलं, किती वेळ बघितलं, किती जण मध्येच निघून गेले, सगळं. "हे बघ वहिनी. बघणारे हजार, पण निम्मे दोन क्षणांत पळालेत. बाहेरचा आकडा नुसता मोठा दिसतो. शेवटपर्यंत कोण थांबलं, ते वेगळं लिहून येतं."

दोरवाली त्या पानाकडे टक लावून बघत राहिली. तिला आकड्यांतलं फार कळत नव्हतं. पण कोण थांबतं आणि कोण निघून जातं, हे तिला कळत होतं.

"मग असा व्हिडिओ करू, की कुणी थांबणारच नाही," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय."

मग दोघींनी मिळून एक भयंकर कंटाळवाणा व्हिडिओ केला. रिकाम्या हौदात फोन उभा केला आणि समोरची ओली भिंत दाखवली. नऊ मिनिटं नुसती भिंत. ना हात, ना दोर, ना आवाज. फक्त अगदी शेवटी दोरवाली भिंतीजवळ येऊन क्षणभर उभी राहिली आणि गेली. खात्यावर नवीन काही आलं, की जुन्या बघणाऱ्याला आपोआप दिसतं, असं नणंद सांगत होती. ते खरं निघावं म्हणून दोरवालीने मनात काय काय कबूल केलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

गर्दी आली. आली आणि शिव्या घालून गेली. हे काय, भिंत? दोर कुठे आहे? एक जण लिहून गेला, ताई, फोन चालू राहिलाय तुमचा. आतल्या पानावरचा हिशेब एक दिवस मागे चाले. सकाळी उठून पाहिलं तर बघणारे सहाशे होते. शेवटपर्यंत पाहणारा एक.

"एक!" नणंद ओरडली.

दोरवालीने दाराची चौकट धरली. मग तिला वाटलं, एखादा रिकामटेकडाही असू शकतो. जगात रिकामटेकड्यांची काय वानवा? तो दिवस तिने तसाच भीत भीत काढला. दुसऱ्या सकाळी दोन झाले. तिसऱ्या सकाळी तीन. रिकामटेकडा माणूस नऊ मिनिटांची भिंत रोज बघायला येत नाही. सासूने अबोला सोडला. "भिंत बघतोय माझा लेक," ती येईल जाईल त्याला सांगू लागली, आणि लोक तिच्याकडे दयेने बघू लागले.

पुढचे दिवस बरे गेले. बरे म्हणजे भीती होती, पण तिची सवय झाली. मग एका सकाळी आकडा हलला नाही.

"फोन दिला नसेल," नणंद म्हणाली.

"हात गुंतलेले असतील," सासरा म्हणाला. "दोर हलला नाही म्हणजे लगेच वाईटच असतं असं नाही." पण त्या दिवशी त्याने वळायला घेतलेला दोर दोनदा उकलला आणि दोनदा पुन्हा वळला. दोरवाली कामावर गेली. हौद घासताना ती एकाच जागी घासत राहिली. मुकादमाने चारचौघांत तिला झापलं, हौद काय झिजवून खायचाय का, म्हणून. तिला ते ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या सकाळी नणंदेने पान उघडलं. तिने फोन फक्त वहिनीपुढे धरला. परवा अकरा होते. काल अकराच होते. आज चौदा.

"तीन," दोरवाली म्हणाली.

चुलीवरचा चहा उतू जाऊन जाळावर सांडला.

"तीन वेगवेगळी माणसं असतील," सासू म्हणाली. "सहाशेत तीन वेडे निघायचे नाहीत का? इतके दिवस निघाले नाहीत, म्हणून आजही निघणार नाहीत?"

"असतीलही," नणंद म्हणाली. "आकडा नाव सांगत नाही, वहिनी."

दोरवाली बोटं मोजत होती. नऊ आणि नऊ अठरा, आणि नऊ सत्तावीस. तिने पुन्हा मोजलं. मग ती हळूच म्हणाली, "त्याला फोन अर्धा तास मिळतो. जेवायला म्हणून मिळतो. सत्तावीस मिनिटं भिंत बघितली, म्हणजे तो काल जेवला नाही."

सासऱ्याने हातातला दोर खाली ठेवला आणि भिंतीला धरून उभा राहिला. एवढ्या झटकन तो कितीतरी वर्षांत उठला नव्हता.

आधी ती दुकानदाराकडे गेली. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग वजनकाट्यावर खिळे टाकत गिऱ्हाइकाला म्हणाला, "ऐका. हिच्या व्हिडिओचा आकडा तीनने वाढला, म्हणून बोगदा बंद करायचाय."

"एकदा फोन लावून द्या. त्यांचा आवाज ऐकते आणि जाते."

"आणि रोज येशील मग. जा, घरी जा. आकड्याचं काय घेऊन बसलीस? माझ्या भाच्याच्या व्हिडिओला परवा एकदम दोनशे वाढले. काय झालं त्याला? ठणठणीत आहे."

गिऱ्हाईक हसलं. दोरवाली उंबऱ्याबाहेर आली, तेव्हा तिचे कान तापले होते. चौकीवर सासरा जाऊन आला होता. तिथल्या माणसाने विचारलं होतं, तक्रार कुणाची, तर भिंतीची का? म्हातारा हे सांगताना खाली बघत होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना धूरसुद्धा दिसत नाही.

दुपार झाली होती. घरात ऊन शिरलं होतं. दोरवाली नणंदेसमोर येऊन बसली.

"तुझ्या त्या पानावर, लोक कुठून बघतात ते असतं ना?"

"असतं. गावांची नावं येतात."

"धरणाच्या बाजूचं गाव आहे?"

नणंदेने बोटाने पान वर वर सरकवलं. नावामागून नावं गेली. "आहे," ती म्हणाली. "पहिला व्हिडिओ तिथल्या चाळीसेक जणांनी बघितलाय."

दोरवालीने खुंटीवरचा दोर काढला, बादलीत बुडवला आणि ओट्यावर बसली. इतके दिवस जी गर्दी तिला नको होती, तिच्यासमोर जायचं होतं. तिला फार भीती वाटत होती. बेडक्या असताना ती परक्या माणसाशी दोन वाक्यं सलग बोलली नव्हती. आणि आपण चुकलो तर? ते खरोखरच तीन वेडे असतील तर? ठेकेदार चिडून त्याचंच काही करील. पण तीन आल्यावर वरच्याने विचार करत बसायचं नसतं, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्याने शिकवलं होतं. तेव्हा तिचे हात सोलून निघाले होते.

"लाव," ती नणंदेला म्हणाली.

ती दोर गुंडाळू लागली. पंजा ते कोपर, पंजा ते कोपर. आणि बोलू लागली. "तुम्ही माझे हात बघता. आज जरा ऐका. माझा नवरा धरणामागे बोगद्याच्या कामाला गेलाय. निळ्या पत्र्याचं कुंपण आहे म्हणतात. तिथे फोन करू देत नाहीत. तो अडचणीत आहे. मला कसं कळलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही. जवळ कुणी राहत असेल, तर जाऊन नुसतं विचारा. भांडू नका. नुसतं दारापाशी उभे राहा." वेढा चुकला, तसा तो उकलून तिने पुन्हा घातला. "एवढंच."

नणंदेने खाली आपला नंबर लिहिला आणि बटण दाबलं. आकडा शून्य दिसला. मग वाढू लागला. आणि पहिल्यांदाच सगळं घर, जीव मुठीत धरून, तो आणखी वाढावा म्हणून बघत बसलं. सासू प्रत्येक खेपेला पुटपुटे, "बघा रे, बघा. सगळे बघा." वाणी आला, पाटलीणबाई आल्या, आणि कुणी न सांगता आपापल्या फोनवरून पुढे पाठवू लागले. उन्हं कलली. चार वाजता दुकानदार धापा टाकत आला.

"काढ तो व्हिडिओ! ठेकेदाराचे फोनवर फोन येताहेत मला. तुझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही, काही नाही झालेलं!"

"मग फोन लावून द्या," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाने तिला सगळं सांगितलं. तेवढ्यात नणंदेच्या हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. पलीकडे एक बाई जोरजोरात बोलत होती. मागे वारा होता आणि माणसांचा गलका होता.

"दोर गुंडाळणाऱ्या ताई का? मी इकडे खालच्या गावात दूध घालते. तुमचा व्हिडिओ माझ्या सुनेने दाखवला. निळ्या पत्र्यापाशी उभी आहे मी. आतला माणूस म्हणतो, इथे असं कुणी नाही. परवा आत काहीतरी ढासळलं, असं आमच्या गावात कुजबुजतात, पण हा कानांवर हात ठेवतोय. काय नावाने हाक मारू?"

दोरवालीला नाव आठवेना. लग्नाचा नवरा, आणि तोंडातून नाव फुटेना. सासूनेच फोनकडे तोंड नेलं आणि ओरडली, "बेडक्या म्हणा! बेडक्या!"

"काय?"

"बेडक्या! सगळं गाव तेच म्हणतं!"

पलीकडे बाईने क्षणभर फोन बाजूला धरला असावा. मग तिची हाक ऐकू आली, दूधवाल्या बाईची सवयीची, गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारी हाक. "ए बेडक्याऽऽ!" गलका थांबला. बाईने पुन्हा हाक मारली.

आणि खूप लांबून, पत्र्याआडून, खोकत खोकत उत्तर आलं.

"ओऽऽ!"

सासरा मटकन खाली बसला. "तोच का?" त्याने विचारलं. त्याला ऐकू आलं होतं, तरी विचारलं.

"तोच," दोरवाली म्हणाली. तिने फोन दोन्ही हातांनी धरला होता. पत्र्यामागून आणखी आवाज येत होते, बरीच माणसं एकदम बोलत होती, कुणीतरी कण्हत होतं, आणि दाराला आतून साखळी वाजत होती. दार अजून उघडलं नव्हतं. "मावशी," ती म्हणाली, "तुम्ही तिथून हलू नका. एकट्या आहात ना, पण हलू नका."

"एकटी कुठली, पोरी," बाई म्हणाली. "रस्ता भरलाय. अजून येताहेत."